शिट्टीवरचा मासा

मित्रांनो, मी एक म्हातारा मत्स्यगरुड आहे. बारिंगो सरोवराच्या काठी, पिवळ्या खोडाच्या उंच बाभळीवर माझा जन्म झाला. आमचे पाणी चहासारखे गढूळ आहे. त्यात मासा दिसणे सोपे नसते. आईने शिकार शिकवायला घेतली तेव्हा कितीतरी दिवस माझ्या हाती नुसते पाणीच येई. मी भुकेने ओरडायचो आणि ती तोंड फिरवून बसायची. तेव्हा तिचा फार राग यायचा. पण एका सकाळी माझ्या नख्यांत जिवंत चिलापी तडफडली. त्या दिवशी मी मोठा झालो.

पुढे मला लेनासालिया भेटला. तो होडीवाला होता. सरोवरावर आलेल्या पाहुण्यांना तो पाणघोडे दाखवी, मगरी दाखवी, बेटावरच्या गरम झऱ्यांपर्यंत नेई. परत येताना माझ्या झाडासमोर होडी थांबायची. चिलापीच्या तोंडात तो हलक्या लाकडाची कांडी खुपसायचा, म्हणजे मासा तरंगत राहतो. मग शिट्टी घालून मासा दूर फेकायचा.

"कॅमेरे तयार ठेवा," तो पाहुण्यांना सांगे. "हा माझा मेहुणा आहे. जेवायला बोलावलं की लगेच येतो. कामाला बोलावून बघा, तोंड दाखवणार नाही."

पाहुणे हसत. मी झेप घेई आणि मासा उचलून नेई. टाळ्या वाजत. मित्रांनो, खोटे कशाला सांगू, मला त्या टाळ्या आवडत. अशी कित्येक वर्षे गेली. माझी जोडीदारीण मात्र होडीजवळ कधी आली नाही. ती स्वतः मारलेलाच मासा पिल्लांना भरवायची.

मग सरोवर चढू लागले. पाऊस थांबला तरी पाणी उतरेना. पाहुण्यांच्या खोल्यांत पाणी शिरले, होडीचा धक्का दिसेनासा झाला. लेनासालियाचे घरही गेले. तो बायकोमुलीला घेऊन वर टेकाडावर राहायला गेला. माझी बाभूळ पाण्यात उभ्या उभ्या वाळली. पाहुणे येईनात, तेव्हा लेनासालियाने होडीत जाळे घेतले. त्या जाळ्यात एक दिवस माझी जोडीदारीण अडकली. त्याने ओढून काढले तोवर ती बुडून मेली होती. घरट्यात आमचे पिल्लू होते.

तेव्हापासून लेनासालिया रोज शिट्टी घालून माझ्यासाठी एक मासा टाकू लागला. त्याची बायको जाळे ओढायला सोबत येई. एकदा ती म्हणाली, "रेसियानच्या बापा, पोरगी काल मक्याच्या नुसत्या उगालीवर झोपली. आणि तू इथं मेहुण्याला मेजवानी देतोयस?"

"त्याची बायको आपल्याच जाळ्यात मेली. वर पिल्लू आहे गं."

"आपल्या घरात पण पिल्लूच आहे. याला पंख आहेत, नख्या आहेत. रेसियानला आपल्याशिवाय कोण आहे?"

लेनासालियाने हातातली चिलापी टोपलीत ठेवली. ती बाई चुकीचे बोलली नव्हती. भूक त्यांच्याही घरी होती.

मी शिकारीला निघालो. पण नजर पूर्वीसारखी राहिली नव्हती आणि जिवंत मासा कुठे वळेल ते मला आता उमगत नव्हते. बुडालेल्या झुडपांवर आपटून एका पायाची नखी मोडली. काठावर सडलेले मासे मिळाले ते मी नेऊन भरवले. पिल्लू माझ्याकडे बघून ओरडायचे आणि मी होडीकडे बघून ओरडायचो. होडी लांबून निघून जायची. काही दिवसांनी पिल्लाचा आवाज बारीक झाला. मग ते वाऱ्याने घरट्याबाहेर पडले.

लेनासालियाने ते पाण्यातून वल्ह्यावर अलगद उचलले. पिसे आत्ताच कुठे काळी होऊ लागली होती. त्याने ते बराच वेळ मांडीवर धरले आणि मग टेकाडावर नेऊन पुरले.

आता पाहुणे पुन्हा थोडे थोडे येऊ लागले आहेत. परवा एकजण होडीतून म्हणाला, "अहो, शिट्टी घाला ना. तुमचा गरुड येतो म्हणे."

"तो बहिरा झालाय," लेनासालिया म्हणाला. "बसू दे त्याला." आणि तो वल्हे मारू लागला.

मला सगळे स्वच्छ ऐकू येते, मित्रांनो.

तुम्ही आमच्या पाण्यावर कधीतरी जरूर या. होडीत बसा, आमच्याकडे हवे तितके बघा. पण आम्हाला काही टाकू नका. आमच्यातला एखादा झेप घेईल, नाही तर घेणारही नाही. तेवढी वाट बघा. तुम्ही संध्याकाळी परत जाता, आम्हाला इथेच पोट भरायचे असते.

आज सकाळपासून मी पुन्हा पुन्हा पाण्यावर उतरलो. पाय रिकामेच वर आले. ऊन जरा कलले की पाण्यावरची चकाकी कमी होईल. तेव्हा आणखी एकदा बघेन.