नांगराचा दगड

मार्तंडने होडी घेतली त्यात गैर काही नव्हतं. माणसाला एखादं वेड हवंच. नवीन जालन्यात बियाण्यांच्या कंपनीत दिवसभर सरकी आणि सोयाबीनच्या गप्पा मारून डोकं आंबतं, तेव्हा कुणी बुलेट घेतो, कुणी गच्चीवर कबुतरं पाळतो. याने ऑनलाइन रबराची होडी मागवली. हवा भरायची होडी, दोन वल्ही, बॅटरीवर चालणारी छोटी मोटर, घडीचा लोखंडी नांगर आणि सोबत एक पुस्तिका. पुस्तिका त्याने उघडलीसुद्धा नाही. लहानपणी मामाच्या विहिरीत पाठीला डबा बांधून तो पोहायला शिकला होता, मोबाइलवर व्हिडिओही भरपूर पाहिले होते. आणखी काय लागतं, असं त्याचं मत होतं.

आणखी काय लागतं ते पहिल्याच रविवारी कळलं. शहागडच्या अलीकडे गोदावरीच्या बंधाऱ्याचं पाणी फुगून शेतांच्या कडेपर्यंत येतं. तिथे एका जुन्या उंबराजवळ पाण्यात उतरायला बरी जागा आहे. सामान चढवेपर्यंत होडी वाहून जाऊ नये म्हणून मार्तंडने ती मागून एका बाभळीला बांधली. मग ऐटीत बसला, गॉगल लावला आणि मोटर सुरू केली. होडी दोरी पुरेल तितकी गेली आणि गोल फिरायला लागली. काठावर धुणं धुणाऱ्या बायका ओरडत होत्या, "बांधलंय! सायेब, बांधलंय!" त्या आपलं कौतुक करताहेत असं वाटून या शहाण्याने त्यांना हात केला. सोबत आलेल्या मेव्हण्याने, पार्थने, सगळं मोबाइलवर टिपलं आणि संध्याकाळपर्यंत ते कुटुंबाच्या ग्रुपवरून ऑफिसपर्यंत पोचलं. "भाऊजी, पुढच्या वेळी बाभळ सोबत न्यायची की नाही?" हे आता घरात आल्यागेल्या प्रत्येकाकडून ऐकावं लागत होतं.

पण त्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली होती, आणि तिच्यापुढे ही फजिती काहीच नव्हती. तारा, त्याची बायको, काठावर हसून हसून खालीच बसली. आणि हसता हसता गप्प होऊन तिने पोटावर हात ठेवला. पाचवा महिना लागला होता. याआधी दोनदा तिसऱ्यातच सगळं संपलं होतं, त्यामुळे या वेळी घरात कुणी मोठ्याने बोलतसुद्धा नव्हतं. तारा तर हसणंच विसरली होती. "अहो, लाथ मारली," ती म्हणाली. तेव्हापासून तिचं एकच टुमणं, पुन्हा त्या पाण्यावर जाऊ या. मार्तंडला तिला नाही म्हणणं शक्य नव्हतं. त्या पोरीच्या चेहऱ्यावर दोन वर्षांनी रंग आला होता.

आईला सांगितलं, अंबडच्या देवीला जाऊन येतो. देवीला हात जोडून दोघं पुढे नदीवर गेले. या वेळी पार्थला बोलावलं नव्हतं, आणि वेळही मुद्दाम भरदुपारची निवडली होती. तेव्हा धुणं उरकून बायका घरी गेलेल्या असतात, हसायला कुणी नसतं. माघातलं ऊन होतं. काठावर खरंच कुणी नव्हतं. लांब बांधावर शेळ्यांमागे एक म्हातारी तेवढी दिसत होती.

होडीत हवा भरून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की नांगर घरीच राहिलाय. मागच्या वेळी चिखल धुऊन बाल्कनीत वाळत ठेवलेला, तो तसाच. आता मधोमध होडी थांबवून चहा कसा प्यायचा? तारा गाडीतून थर्मास आणि पेरू काढत होती. तिच्यासमोर आणखी एक फजिती नको म्हणून मार्तंडने झटपट इकडेतिकडे पाहिलं. उंबराखाली दगड होते. ओळीने लावलेले, गाळात निम्मे रुतलेले. पावसाळ्यात पाणी त्यांच्या डोक्यावरून गेलं असणार. धुण्याचे असतील, त्याला वाटलं. मधल्याला कमरेसारखी खोलगट बाजू होती, दोरी बसायला अगदी बराबर. त्याने तो हलवून उपसून काढला. खाली हिरव्या काचेचे तुकडे निघाले. "लोकांना नदीकाठी घाण करायची सवयच लागलीय," तो पुटपुटला. दगड निघाला त्या खड्ड्यात बघता बघता पाणी भरलं. त्याने तिकडे लक्ष दिलं नाही.

ते थोडे आत गेले तेव्हा बांधावरची म्हातारी काठाकडे पळत आली. दोन्ही हात हलवून ती काहीतरी ओरडत होती.

"ती काहीतरी सांगतेय," तारा म्हणाली.

"व्हिडिओ पाहिलेली दिसते तीसुद्धा. बांधलंय म्हणत असेल." मार्तंडचे कान तापले. "आज नाही म्हणावं बांधलेलं." आणि त्याने मोटर वाढवली. मागच्या वेळी लोक खरं सांगत होते तेव्हा त्याला कौतुक वाटलं, आणि आता चेष्टा वाटली. एकदा हसू झालेल्या माणसाला कुणाच्याही तोंडून स्वतःचं हसूच ऐकू येतं.

मधोमध आल्यावर त्याने मोटर बंद केली आणि दोरीला बांधलेला दगड हळूच पाण्यात सोडला. आवाज झाला नाही. दोरी बरीच खाली गेली आणि थांबली. ताराने चहा ओतला, पेरू कापला, मीठ लावलं. वारा नव्हता. काठावरच्या कावळ्यांचा, महामार्गावरच्या ट्रकचा आवाज येईनासा झाला होता, हे दोघांच्याही एकदम लक्षात आलं नाही. मग होडी आपोआप वळली. वारा नसताना, सावकाश, उंबराकडे तोंड करून ती थांबली. मार्तंडला ते आवडलं नाही.

"चल, निघू," तो म्हणाला आणि दोरी ओढायला लागला.

दोरी वीतभर आली आणि वीतभर परत गेली. त्याने पुन्हा ओढली, पुन्हा तेच. अडकली असती तर त्याला कळलं असतं. अडकलेली दोरी ताणते, तुटते. ही तशी नव्हती. तो ओढायचा थांबला तरी ती थांबली नाही. जरा खाली, जरा सैल, जरा खाली, जरा सैल. पाळण्याची दोरी ओढावी तशी खालून कुणीतरी ती ओढत होतं, आणि होडी डुलायला लागली होती. मार्तंडने चटका बसावा तशी दोरी हातातून सोडली.

तारा मात्र घाबरली नव्हती. पोटावर दोन्ही हात ठेवून ती पाण्याकडे बघत होती. "अहो, हेही त्याच तालावर हलतंय," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "हा दगड कुठून आणलात तुम्ही?"

"उंबराखाली होते. धुण्याचे."

"किती होते?"

"सहा-सात असतील. का?"

ताराचा चेहरा उतरला. तिच्या आजोळी, भोकरदनकडे, विहिरीच्या काठावर असे सात दगड होते. दरवर्षी आजी त्यांना शेंदूर लावायची, हिरव्या बांगड्या ठेवायची आणि लेकुरवाळ्या बायकांना दुपारी तिकडे फिरकू द्यायची नाही. "आसरा आहेत त्या," ती म्हणाली. "पाण्यातल्या बाया. दोरी कापू नका हं. हळूहळू वर घ्या, आपण परत ठेवू जागेवर. ऐका माझं."

पण मार्तंड काही ऐकण्याच्या पलीकडे गेला होता. होडीचं टोक आता जरा जास्तच खाली जात होतं, पोटुशी बायको समोर बसली होती, आणि हे आपण केलं एवढं एकच त्याच्या डोक्यात घणघणत होतं. त्याने पेरूची सुरी उचलली. "नको, नको हो!" तारा त्याचा हात धरायला वाकली, तोवर त्याने दोरी कापली होती.

होडी स्थिर झाली. कावळे ओरडायला लागले, लांबून ट्रकचा हॉर्न ऐकू आला. मार्तंडने सुटकेचा श्वास सोडला आणि ताराकडे पाहिलं. ती पोट दाबून, इथे तिथे हात फिरवून बघत होती.

"थांबलं," ती म्हणाली. "सकाळपासून एवढं हलत होतं. थांबलं हो."

काठाला लागेपर्यंत तो तिला सांगत राहिला की बाळं झोपतात, डॉक्टरांनीच सांगितलंय. त्याचा आवाज त्यालाच खोटा वाटत होता. काठावर म्हातारी वाट पाहत उभी होती. तिला धाप लागली होती.

"किती वरडून राह्यले व्हते, सायेब," ती म्हणाली. "आसराची जागा हाय ही. भरदुपारी कुणी घागर बी भरत न्हाई इथं. माहं नाव आसराबाई. माह्या मायला मी इथल्याच नवसानं झाल्ते." एवढं बोलून तिने उंबराखाली बोट दाखवलं आणि तोंडाला पदर लावला.

ओळीत मोकळी जागा राहिली नव्हती. मार्तंडने जिथून दगड उपसला होता तिथे दुसरा एक दगड होता. लहानसा, ओंजळीत मावेल एवढा, गुळगुळीत. सगळे कोरडे होते आणि हा एकटा ओला होता.

"तुम्ही ठेवला का हा, आजी?" मार्तंडने विचारलं. निदान तसं तरी असावं.

"म्या कशाला हात लावू? तुम्ही गेल्यावर इथं पानीच व्हतं. म्या जरा तिकडं पाह्यलं, अन् मंग हे." ती दोन पावलं मागे सरकली. "आता काय करावं, मला बी ठावं न्हाई, लेकी. असं कधी ऐकलं न्हाई."

तारा खाली बसली. तिने दोन्ही हातांनी तो लहान दगड उचलला, ओढणीत घेतला आणि छातीशी धरला. खड्डा पुन्हा रिकामा झाला.

"जा," ती मार्तंडला म्हणाली. रडली नाही, ओरडली नाही. "तिचं तिला आणून द्या. हे माझं आहे."

तो गेला. या खेपेला मोटर लावायची आठवणच झाली नाही, वल्ह्यांनीच गेला. कापलेल्या पिवळ्या दोरीचं टोक पाण्यावर तरंगत होतं. त्याने ते ओढलं. दोरी अगदी सहज वर आली. खालचा फास जसा बांधला होता तसाच होता, गाठ जागच्या जागी होती. आत दगड नव्हता.

मार्तंडने अंगातलं तरंगायचं जॅकेट काढलं, कपडे काढले आणि उडी मारली. पाणी गढूळ होतं. हाताला गाळ लागला, कुजकी मुळं लागली, वर येऊन त्याने श्वास घेतला. पुन्हा गेला. पुन्हा गाळ. काठावर तारा ओढणी कवटाळून बसलेली दिसत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कोण बघतंय, कोण हसतंय याची पर्वा नव्हती. होडीच्या काठाला लटकून तो मोठ्याने म्हणाला, "चुकलो मी. मला कळलं नाही. तुमचं तुम्हाला देतो, आमचं आम्हाला द्या." एवढं म्हणून पुन्हा खाली गेला. बराच वेळ वर आला नाही.

आला तेव्हा दगड त्याच्या छातीशी होता.

तो होडीत कसा चढला, काठाला कसा लागला, हे त्याला नीट आठवत नाही. उघड्या अंगाने कुडकुडत त्याने दगड खड्ड्यात बसवला, हातांनी गाळ सारखा केला. आसराबाईने आपल्या हातातली हिरवी बांगडी काढून पुढे ठेवली.

मग तारा किंचाळली. "हललं! अहो, हललं!" आणि ती जी हसत रडायला लागली ती थांबेचना. हात पोटावर न्यायला तिने ओढणी सोडली होती. ओढणीत दगड नव्हता. ओढणी मात्र पिळून काढावी इतकी ओली होती.

होडी पुढे पार्थ घेऊन गेला. तो अजून बाभळीवरून चिडवतो आणि मार्तंडही सगळ्यांबरोबर हसतो. त्या दुपारबद्दल घरात कुणी बोलत नाही. दर वर्षी शेंदूर आणि बांगड्या घेऊन दोघं जातात, सकाळीच जातात, पाण्यात पाय घालत नाहीत.

एक गोष्ट मात्र मार्तंडने तारालाही सांगितलेली नाही. दगड त्याला सापडला नव्हता. शेवटच्या खेपेला श्वास संपत आला, हात रिकामे पसरलेले होते, आणि त्या हातांवर कुणीतरी तो ठेवला. आधी जड बाजू, सांभाळून, मग बाकीची. आणि त्याने नीट धरलाय याची खात्री झाल्यावरच खालून गार बोटं एक एक करून निघाली होती.

जेठात मुलगी झाली. नर्स बाहेर आली, म्हणाली, "दोन्ही हात पुढं करा, डोक्याखाली आधार द्या." तिने बाळ त्याच्या हातांवर ठेवलं. आधी डोकं, सांभाळून, मग बाकीचं. मग तिची बोटं खालून एक एक करून निघायला लागली, तसा मार्तंड पांढराफटक पडला आणि त्याने डोळे मिटले.

नर्सची बोटं गरम होती. तेवढ्यानेच त्याला रडू फुटलं.