रेणुगुरूंची पेटी आणि पाण्याचा हात

हॉलमध्ये गर्दी अशी, की माणूस खाजवायला जाई आणि डोकं शेजाऱ्याचं निघे. मंचावर पांढऱ्या कोटातले रेणुगुरू. पुढ्यात टेबलावर काचेची पेटी, मागे भिंतीएवढा पडदा. पेटीवर हात ठेवला की पडद्यावर रंगीत गोळ्यांचा रेणू गरगर फिरे आणि टेबलाखालच्या खणात पुडी पडे.

"कृत्रिम बुद्धी!" गुरू गरजले. "तुमचा कण न् कण वाचते, तुमच्यापुरतं औषध रचते! शास्त्रज्ञ अजून चाचपडतायत!"

त्या चाचपडणाऱ्यांपैकी एक मावशीसोबत रांगेत उभी होती. कॉम्प्युटरकडून नव्या औषधांचे रेणू रचून घेणं हा तिचा पीएचडीचा विषय. प्रबंध संपता संपेना, म्हणून घरात तिचं नाव 'अर्धी डॉक्टर'. गुरूंच्या पुड्यांवर विसंबून मावशीने इन्सुलिन सोडलं होतं. आता तिचा घसा सारखा कोरडा पडे, उभ्या उभ्या डोळ्यांपुढे अंधारी येई.

"मावशी, दवाखान्यात चल गं."

"गप बस. इतकी वर्षं डोळे फोडतेस, सापडलं एक तरी औषध? यांचं बघ, चुटकीसरशी!"

ते अर्ध्या डॉक्टरलाही मान्य होतं. तिचा कॉम्प्युटर ढिगाने रेणू सुचवी. बरेचसे बनवताच येत नसत, बनलेले परीक्षानळीत मान टाकत. पण पडद्यावरचा रेणू तिच्या चांगला ओळखीचा होता. ती नळाकडे गेली. पर्समधल्या प्रयोगशाळेच्या रबरी हातमोज्यात पाणी भरलं, गाठ मारली आणि पाळी येताच शालीआडून तो 'हात' पेटीवर ठेवला.

गुरूंनी डोळे मिटले. "यकृत थकलंय, ताई. नवरा समजून घेत नाही."

"मला नवरा नाही."

"म्हणूनच थकलंय!"

पुडी पडली. तिने शाल काढली. मोजा पेटीवर डुलत राहिला.

"गुरुजी, ह्याचं यकृत कुठंय?"

"पाण्यालाही स्मृती असते!"

तिने पेटीची वायर उपटली. पडद्यावर रेणू फिरतच होता.

"आता कुणाचे कण वाचतंय हे? नुसती फिल्म आहे. आणि तो रेणू कॉफीतल्या कॅफीनचा. सगळ्यांना तोच!"

तिने टेबलावरचं कापड उचललं. खाली गुरूंचा पाय एका कळीवर. घाबरून तो दाबला गेला आणि एकसारख्या पुड्यांचा असा लोंढा सुटला, की पहिली रांग गुडघ्यापर्यंत बुडाली. गुरू मागच्या दाराने पसार. त्यांची चप्पल अजून कळीवरच आहे म्हणतात.

"म्हणजे तुझं यंत्रही असलंच?" मावशीने विचारलं.

"माझं खरं आहे. पण ते नुसतं सुचवतं. पुढे बनवायचं, तपासायचं, बहुतेकदा तोंडावर पडायचं. मला औषध सापडलेलं नाही, मावशी. हे मी तुला सांगते. त्या गुरूने कधी सांगितलं असतं?"

मावशीने हातातली पुडी टाकली. "चल दवाखान्यात. पण हळू टोचायला सांग त्यांना."

तेव्हा मंडळी, यंत्रापुढे हात जोडायचेच असतील तर जोडा. पण आधी त्याच हातांनी वायर ओढून बघा.