खुर्ची वजा करून

प्रश्न पहिला: गेल्या तीन महिन्यांत वजन घटले आहे का?

"सिस्टर, हा सदरा बघ. खांदा दोन बोटं खाली उतरलाय."

"धुऊन धुऊन सैल झाला असेल, काका."

"कापड धुतल्यावर आटतं गं. पन्नास वर्षं कात्री चालवली, मला शिकवतेस?"

सिस्टर हसली. तिने टेलरकाकांना व्हीलचेअरसकट काट्यावर चढवलं. एकोणसत्तर. खुर्चीचे पंधरा वजा. चोपन्न. मागच्या महिन्यात बावन्न होते.

"बघा! बाळसं धरलंय तुम्ही. आणि म्हणे सदरा सैल!"

काकांनी कॉलर सारखी केली. "काटा म्हणतोय तर असेल बाई."

उत्तर: नाही.

प्रश्न दुसरा: भूक कमी झाली आहे का?

पुढच्या महिन्यात त्रेपन्न. त्याच्या पुढच्या महिन्यात बावन्न. किलोभर इकडेतिकडे व्हायचंच. वृद्धाश्रमात पंचेचाळीस माणसं आणि वजनांसाठी एकच सकाळ. काकांचं अर्धं ताट परत जायचं, ते सिस्टरला दिसायचं. पण काटा ठीक सांगत होता. परगावी राहणारी काकांची मुलगी फोन करायची, तेव्हा सिस्टर म्हणायची, "छान आहेत हो."

उत्तर: नाही.

प्रश्न तिसरा: इतर धोके?

आज सकाळी फरशी पुसायला सफाईच्या मावशींनी काकांची खुर्ची उचलून काट्यावर ठेवली.

"मावशी, काटा बिघडेल ना!"

"फरशी वाळू दे की जरा. तुझा काटा काय काचेचा आहे?"

सिस्टरने आकडा बघितला. एकवीस.

रिकामी खुर्ची. एकवीस.

जुन्या खुर्चीचं चाक मोडलं तेव्हा ही आली होती. काटा चोपन्न म्हणाला त्याच्या आदल्याच आठवड्यात. पंधरा हा आकडा जुन्या खुर्चीचा, तिच्या डोक्यात बसलेला. चोपन्न नव्हे, अठ्ठेचाळीस. आता सेहेचाळीस.

"काय गं, भूत बघितलंस का?"

"मावशी, काकांचे सहा किलो गेले. मी ते खुर्चीमुळे पाहिलेच नाहीत."

तिने काकांना कुशीवर वळवलं. कमरेच्या हाडावर लाल चट्टा होता, बोट दाबलं तरी पांढरा न होणारा; एकाच कुशीवर पडून होणाऱ्या जखमेची सुरुवात. डॉक्टर फोनवर म्हणाले, "दर दोन तासांनी कूस बदला. थोडं थोडं भरवत राहा. आणि सिस्टर, हे दोन महिन्यांपूर्वीच कळायला हवं होतं."

उत्तर: होय. (जुनी दोन्ही उत्तरं तिने एकेक रेघ मारून खोडली, वाचता येतील अशी. शेजारी सही.)

प्रश्न चौथा: नातेवाइकांना कळवले का?

"तुम्ही तर बाबा छान आहेत म्हणत होतात."

"हो."

"मी तेवढ्यावर निश्चिंत होते हो."

मुलगी म्हणाली, "उद्या पोचते," आणि तिने फोन ठेवला.

शेरा:

दुपारी ती सूपची वाटी घेऊन काकांच्या पलंगाशी बसली.

"काका, तुमचंच खरं होतं. चूक माझी होती."

काकांनी चादरीची शिवण बोटाने चाचपली. "माझ्या हातून एकदा नवरदेवाचा कोट आखूड झाला होता. लग्नाच्या दिवशीच लक्षात आलं."

"मग काय केलंत?"

"मी काय करणार? त्यानं तसाच घातला."

तिने चमचा पुढे केला.

"भूक नाही गं."

"एकच, काका."

चमच्यातलं थोडं सूप चादरीवर सांडलं. काकांनी ते बघितलं आणि तोंड उघडलं. मान ताणून, डोळे मिटून, कडू औषध घ्यावं तसा त्यांनी तो घोट गिळला.

"झालं तुझं समाधान?"

तिने चमचा वाटीत ठेवला.

"बरं, आण अजून एक," काका म्हणाले, आणि तिच्या तोंडाकडे बघत त्यांनी पुन्हा तोंड उघडलं.