मातीचं बूच

पेडगावच्या चन्नप्पाच्या पोटात गोष्ट टिकत नसे. सकाळी घरात झालेलं बोलणं दुपारी भुजंगच्या हॉटेलात पोचायचं, आणि पोचवणारा चन्नप्पाच असायचा. मनात वाईट काही नाही, सांगितल्याशिवाय त्याला जेवण जात नसे एवढंच. बायको चन्नबसम्मा तर त्याला काही सांगण्याआधी, हे गावाला कळलं तर चालेल का, याचा विचार करायची.

लेक शिवकन्या मुंबईला संशोधन करायची. अणुभट्टीतला कचरा जमिनीत खोल पुरायचा झाला, तर लोखंडी पिंपांभोवती चिकणमातीचा जाड थर ठासतात. पुढं पिंपं गंजतात, वायू सुटतो. तो त्या मातीतून कधी आणि कुठून वाट काढेल, याचं गणित ती संगणकावर मांडायची. दिवाळीला आली तेव्हा ताडून बघायला तिनं आपल्याच रानातली काळी माती पोतंभर नेली आणि जाताना अप्पाला सगळं नीट समजावून सांगितलं. चूक झाली ती इथंच.

"आमच्या पोरीनं आपली माती पास केलीय," चन्नप्पानं हॉटेलात सांगून टाकलं. "अणूचा कचरा ठिवायला अशी माती दुसरीकडं न्हाई."

गावानं त्यातून काढायचा तो अर्थ काढला. बघता बघता बातमी चारठाण्यापर्यंत गेली, की पेडगावात अणूचा कचरा पुरायलेत आणि पहिला खड्डा चन्नप्पाच्याच रानात हाय. चारठाण्याला महारुद्रअप्पा राहायचे. त्यांच्या शंभुराजनं आणि शिवकन्येनं लग्न करायचं आपसात ठरवलं होतं, फक्त महारुद्रअप्पांचा होकार यायचा होता. शिवकन्या सुट्टीवर आली ती त्याच आशेनं, पण होकाराऐवजी महारुद्रअप्पाच आले. चहाला हात लावला नाही.

"सोयरीक ऱ्हाऊ द्या बाजूला," ते म्हणाले. "रानात काय पुरायलाव ते सांगा आधी."

चन्नप्पा लेकीकडं बघायला लागला. शिवकन्येनं लॅपटॉप उघडून दाखवला. पडद्यावर मातीच्या चौकोनातून वायू लाल रंगात वर चढत होता. महारुद्रअप्पांनी खुर्ची मागं सरकवली.

"ही आग हाय का?"

शिवकन्येनं लॅपटॉप मिटला. अंगणात पाइपाचा तुकडा उभा केला, मध्ये ओली काळी माती ठासली, वर तांब्याभर पाणी ओतलं आणि खालच्या तोंडाला सायकलचा पंप जोडला. "हे मातीचं बूच. खाली वायू, वर पाणी. अप्पा, हवा मारा, पण सावकाश."

चन्नप्पाला सावकाश काही जमत नसे. लेकीचं लग्न आता आपल्याच हातात आहे असं समजून तो पंपावर तुटून पडला. पाण्यात बुडबुडा उठेना. "बघा, किती दम हाय आपल्या मातीत," तो धापा टाकत म्हणाला. महारुद्रअप्पा बघायला वाकले, आणि पाइपानं भर सभेत करू नये तसला आवाज केला. चिखलपाणी उडालं ते थेट त्यांच्या टोपीवर.

चन्नबसम्मानं तोंडाला पदर लावला. शिवकन्येला वाटलं, आपलं लग्न या पाइपातून उडून गेलं.

टोपी न पुसताच महारुद्रअप्पांनी पुन्हा आत डोकावलं. उरलेलं पाणी जागच्या जागी होतं. "पुन्हा मारा," ते म्हणाले. चन्नप्पानं भीत भीत हवा मारली. बुडबुडा नाही.

"बंद झालं की!"

"माती ओली असली की फट बुजते," शिवकन्या म्हणाली. "आमचं गणित तेच सांगतं. वायू वाट काढतो, निघून जातो, माती फुगून पुन्हा मिटते. फक्त लक्ष नुसतं बुचावर ठेवून भागत नाही. कडेचा सांधा कच्चा राहिला, तर वायू तिकडूनच जातो. आणि इथं कुणी काही पुरत नाहीय."

महारुद्रअप्पांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला. "माझा होकार हाय. पण आईच्या कानावर मीच घालणार. बाहीरून कळलं तर म्हातारी अडून बसंल, मग माझं बी चालायचं न्हाई. तवर कुणी तोंड उघडू नका."

सगळ्यांनी चन्नप्पाकडं पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून चन्नप्पा तोंडात पानाचा तोबरा भरून बसला. कुणी काही विचारलं की नुसता हुंकार द्यायचा. हॉटेलाची वाट सोडली. म्हशीला तरी सांगावं म्हणून गोठ्यात गेला, पण भिंतीपलीकडं भुजंगचं घर होतं. बिचाऱ्याचं पोट खरंच दुखायला लागलं. लेकीचं तोंड पाहून तो सोसत राहिला.

शेवटी महारुद्रअप्पांचा फोन आला. आवाज पडलेला.

"आईला बाहीरून कळलं."

चन्नप्पानं पान थुंकलं. "मी न्हाई सांगितलं. गळ्यातल्या लिंगाची आण."

"तुमी न्हाई, मीच. त्या दिशी तुमच्याकडून येताना जिंतूरला पेढे घेतले, दुकानदाराला बोलून गेलो. निस्तं त्यालाच. त्यो आईच्या माहेरचा निघाला."

"मंग? मोडलं का?"

"लय रुसली. माझ्याशी बोलंना. आज म्हणली, पोरगी आण. तुझ्या तोंडाला तर बूच न्हाई, निदान सोयरा तरी पोटात ठिवणारा मिळाला."

चन्नप्पानं फोन ठेवला. डोळे भरून आले होते. शिवकन्येला हाक मारून त्यानं होकार सांगितला, पायात चपला सरकवल्या आणि आपल्या पोटात गोष्ट राहते हे सांगायला तो तडक भुजंगच्या हॉटेलात गेला.