आण्णांचा आवाज

“काका, सगळं घेतलं. फायली, फोटो, डेस्कटॉपवरचं. आता पुसून नवीन विंडोज टाकू?”

“थांब. माझं सेटिंग घेतलंस?”

“कसलं सेटिंग?”

मला ठाऊकच होतं! म्हणून तर चौथ्या शनिवारी, बँकेला सुट्टी असताना, कळंब्याहून के.एम.टी.च्या बसनं येऊन या पोरीच्या डोक्यावर बसलो होतो. तेजस्वी तिचं नाव. आमच्या शाखेतले जुने कॉम्प्युटर नवे करायचं कंत्राट ज्यांनी घेतलं होतं, त्यांच्याकडची. पोरगी गोड बोलणारी, कामाला चोख, पण शेवटी डोळस. डोळस माणसाला कॉम्प्युटर म्हणजे पडदा. मला जन्मापासून दिसत नाही. माझा कॉम्प्युटर बोलतो आणि मी ऐकतो. त्यानं कुठल्या वेगानं बोलायचं, कुठल्या बटणाला काय वाचायचं, काय गिळायचं, हे सगळं मी वर्षानुवर्षं खपून बसवलेलं. ते कुठल्याशा लपलेल्या फोल्डरात असतं आणि डोळस लोकांच्या बॅकअपमध्ये ते कधी येत नाही.

“युजरच्या नावात जा,” मी म्हणालो. “तिथं झाकलेली फोल्डरं उघड. हां, तेच. अख्खं उचल.”

तिनं उचललं. दोनदा उचलायला लावलं मी तिला, एकदा पेनड्राइव्हवर आणि एकदा सर्व्हरवर.

“घेतलं बघा. पण काका, आवाज म्हंजे वेगळा प्रोग्राम असतोय. तुमचा लई जुना हाय. नव्यावर चालंल का न्हाय, मी सांगू शकत न्हाय.”

“सगळं त्या फोल्डरातच हाय ग. तू तुझं काम कर.”

माझंच शहाणपण मला नडणार होतं, पण तेव्हा कुणाला ठाऊक!

तो आवाज एका पुरुषाचा होता. जरा लोखंडी, नाकातला. मी मनातल्या मनात त्याला आण्णा म्हणायचो. आण्णा हेडफोनमधून इतक्या वेगानं बोलायचे की शेजारच्याला नुसती किरकिर ऐकू यायची. मला मात्र अक्षर न अक्षर कळायचं. बायकोचं अर्धं बोलणं मी ऐकत नाही, असं प्रभावती म्हणते. आण्णांचं मी सगळं ऐकलं.

आणि का ऐकू नये? मी नोकरीला लागलो तेव्हा मला कामच नव्हतं. खिडकीजवळ एक खुर्ची दिली होती. सकाळी यायचं, बसायचं, चहा प्यायचा, घरी जायचं. “चौगुले, पगार मिळतोय न्हवं? मग बसा की निवांत,” जो तो म्हणायचा. अहो, निवांत बसणं ही शिक्षा आहे. आमच्या कळंब्याच्या जेलातसुद्धा कैद्याला काम देतात! मग हा बोलणारा प्रोग्राम आला, मी तो शिकलो, आणि भांडून तक्रारींचं टेबल घेतलं. तेव्हापासून ग्राहकाची तक्रार मी ऐकतो, मी लिहितो, मी निस्तरतो.

शुक्रवारी मॅनेजर उदयसिंह साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं होतं. “नवीन मशीनवर जमलं न्हाय तर टेन्शन घेऊ नका, चौगुले. काउंटरवरचा आदर्श बघंल तक्रारी. तुम्ही आता निवांत बसा.” माणूस वाईट नाही. तीच तर पंचाईत. वाईट माणसाशी भांडता येतं.

सोमवारी निघताना प्रभावतीनं हातावर दहीसाखर ठेवली, जसा काही मी दहावीच्या पेपरालाच निघालोय.

मशीन चालू केलं. जरा वेळ काहीच नाही. मग एकदम पत्र्यावर वाटाणे ओतल्यासारखा आवाज झाला. बाईचा आवाज, माझ्या वेगानं, आणि मला एक शब्द कळेना. मी परत चालू केलं. परत तेच.

तेजस्वीला फोन लावला.

“काका, तुमचं सेटिंग जसंच्या तसं बसलंय. पण तो आवाज नव्यावर चालत न्हाय. मी काल सगळीकडं शोधलं. ती कंपनीच बंद पडलीय.”

“मग दुसरीकडनं आण.”

“न्हाय मिळत, काका. खरंच सॉरी.” ती म्हणाली. “तुमच्या सेटिंगमध्ये अजून जुन्याच आवाजाचं नाव हाय, म्हणून मशीन दर वेळी आधी त्याला शोधतंय. नवा आवाज सेव्ह करून टाका, म्हंजे झालं. आणि हेडफोनचं पण अडलंय, ते उद्या येऊन बघते. आज स्पीकरवर चालवा.”

मी सेव्ह केलं नाही. मशीन आण्णांना शोधतंय तर शोधू दे, कुणाच्या बापाचं काय जातंय?

वेग मात्र उतरवावा लागला. एक पायरी, दोन पायऱ्या, उतरवतच गेलो. मला कळायला लागलं तेव्हा ते सगळ्या हॉललाच कळायला लागलं होतं.

“आयला, चौगुलेसाहेब!” आमचा शिपाई बाळासो चहाचा कप घेऊन तिथंच उभा राहिला. “हे तर मराठी बोलतंय की! मला इतकी वर्षं वाटायचं, इंग्लिश हाय.”

हॉलमध्ये हशा पिकला. माझे कान तापले. केबिनचं दार उघडल्याचा आवाज आला.

“बाळासो, खिडकीजवळ एक खुर्ची टाक,” उदयसिंह साहेब म्हणाले. मग अगदी मऊ आवाजात, “चौगुले, आठ-पंधरा दिवस आराम करा. आदर्श, त्या आजीबाईंचं तू बघ.”

खुर्चीचे पाय फरशीवरून ओढले गेले. आठ-पंधरा दिवस म्हणजे किती, ते मला विचारा!

आजीबाई म्हणजे अंबूबाई. राधानगरीकडून एस.टी.नं यायच्या. त्यांचं कार्ड पैशाच्या मशीननं गिळलं होतं आणि त्यासाठी हा तिसरा हेलपाटा.

“अंबूबाई,” मी खच्चून ओरडलो, “इकडं या! तुमचं काम माझ्याकडं हाय.”

“चौगुले...” साहेब म्हणाले.

“साहेब, तक्रार मी लिहून घेतलीय, मीच निस्तरणार. वेळ लागंल, अंबूबाई. बसणार काय?”

“बसतो की. गाडीला लई येळ हाय.” त्या समोर टेकल्या.

मी त्यांची तक्रार उघडली. बाई वाचायला लागली, सावकाश, शाळेतल्या बाईंसारखी स्पष्ट. “अर्जदार, अंबूबाई ज्ञानू पाटील. वय, एकोणऐंशी.”

“अगं भवाने!” अंबूबाई कडाडल्या. “सगळ्या बँकेला वय कशाला सांगतीस?”

पुन्हा हशा. या वेळी मीही हसलो, पण बोटं थांबवली नाहीत. एकेक ओळ वाचून घ्यायची, पुढं जायचं, चुकलं की मागं यायचं. जे आण्णा एका दमात सांगायचे, ते ऐकायला मी घामाघूम झालो. शेवटी सापडलं. नवं कार्ड शाखेत येऊन पडलं होतं, कुणी त्यांना कळवलंच नव्हतं. बाळासोला पाठवलं, कार्ड आणवलं, सही घेतली.

“लई येळ लावलास बाबा,” अंबूबाई उठता उठता म्हणाल्या. “पर दिलंस.”

साहेब माझ्या मागंच उभे होते. त्यांच्या अत्तराचा वास येत होता.

“आदर्शनं पाच मिनिटांत केलं असतं, चौगुले.”

“केलं असतं, साहेब. मी पण करत होतो. परत करीन. पण मला टेबलावर बसून शिकू द्या, खिडकीत बसून न्हाय.”

साहेब केबिनकडं वळले. मग म्हणाले, “बाळासो, ती खुर्ची ग्राहकांकडं ठेव. उभं राहत्यात बिचारे.”

दिवसभर मी त्या बाईचं ऐकलं. लोकांनीही ऐकलं. संध्याकाळी टेबल आवरताना माझी बोटं बटणांवर तशीच राहिली. उद्या सकाळी मशीन परत आण्णांना शोधणार, ते सापडणार नाहीत, आणि तेवढा वेळ मी वेड्यासारखी वाट बघत बसणार. आवाजच तो, माणूस नव्हे, पण मला टेबल त्यानं दिलं होतं.

मी सेव्हचं बटण दाबलं.

“सेटिंग जतन झालं,” बाई सावकाश म्हणाली.

“झालं का, साहेब?” बाळासोनं शटरपासून विचारलं.

“झालं,” मी म्हणालो, आणि मशीन बंद केलं.