पुसलेल्या : सहाशे दहा

गार्थने फोन खांदा आणि कान यांच्या बेचक्यात दाबून धरला, दोन्ही हात मोकळे केले आणि शुक्रवारची नोंद पडद्यावर उघडली. पलीकडून बोरिव्का शाखा सांभाळणाऱ्या पावलिनाबाई माफी मागत होत्या.

“सोमवारी सकाळी सकाळी तुझं डोकं खातेय बघ. पण ते माझं कबरींचं फोल्डर सापडतच नाहीये. शुक्रवारी सकाळपर्यंत होतं. मीच काहीतरी दाबलं असणार.”

“दुसरीकडे कुठे सरकलं असेल. बघतो मी.”

“सगळीकडे शोधलं रे. शनिवारी दिवसभर बसले होते. मला आठवत नाही, पण मीच पुसलं असणार. दुसरं कोण हात लावतंय त्या डबड्याला?”

गार्थ प्रादेशिक ग्रंथालयाचा एकुलता एक कॉम्प्युटरवाला होता. कॅनडातल्या सस्कॅचवानच्या त्या सपाट मुलखात विखुरलेल्या अडतीस शाखा त्याच्या गळ्यात होत्या. मार्चमध्ये लोक करविवरणाचे अर्ज छापून घ्यायला येतात, म्हणून दरवर्षी तो सगळ्या शाखांच्या ‘सार्वजनिक’ फोल्डरमध्ये नवे अर्ज इथूनच, एका झटक्यात पाठवायचा. गेल्या वर्षी घोळ झाला होता. जुने अर्ज तसेच राहिले आणि निम्म्या गावांनी भलत्याच वर्षाचे कागद भरून पाठवले. यंदा त्याने एका चौकोनात टिचकी मारली, की तिकडचं फोल्डर हुबेहूब इकडच्यासारखं व्हावं. इथे जे नाही, ते तिथे उरायला नको.

नियम असा, की आधी ऑफिसातल्या एका मशीनवर पाठवायचं, मग तीन शाखांना, मग एक रात्र थांबून सगळ्यांना. आणि शुक्रवारी दुपारनंतर काहीच पाठवायचं नाही. हा नियम गार्थनेच छापून प्रिंटरच्या वर चिकटवला होता. पण शुक्रवारी चार वाजता कर्लिंगची, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या खेळाची, स्पर्धा होती, त्याचा संघ उपांत्य फेरीत होता, आणि अर्जच तर आहेत, त्यात काय मोठंसं, असं म्हणून त्याने पावणेचारला अडतीसच्या अडतीस शाखांना एकदम धाडून दिलं. सामना हरलेच ते.

नोंदीत शाखावार आकडे होते. पाठवलेल्या दोनशे चौदा, पुसलेल्या एकशे अठ्ठ्याण्णव. प्रत्येक शाखेला तेच, म्हणजे गेल्या वर्षीचे अर्ज गेले. गार्थ खाली सरकत गेला. बोरिव्का शाखेसमोर मात्र होतं, पुसलेल्या सहाशे दहा.

चारशे बारा जास्तीच्या.

“गार्थ, आहेस ना?” पावलिनाबाईंनी विचारलं.

“आहे. बघतो मी,” तो म्हणाला, आणि नोंद बंद केली.

त्या चारशे बारा फायलींमध्ये काय होतं हे त्याच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. बोरिव्काच्या आसपास तीन ओसाड चर्चं होती, प्रत्येकाला आपापलं कबरस्तान. पावलिनाबाईंनी अकरा वर्षं एकेका लाकडी क्रूसापाशी गुडघे टेकून नावं उतरवली होती, फोटो काढले होते, कोण कुठल्या खेड्यातून जहाजाने आलं ते म्हाताऱ्यांना विचारून लिहून ठेवलं होतं. ते म्हातारेही आता त्याच मातीत गेले होते. वह्यांचा तळघरात पाणी शिरलं तेव्हा लगदा झाला. दोन वर्षांपूर्वी गवताला आग लागली आणि दोन कबरस्तानांतले क्रूस जळून गेले. तेव्हा बाई फोनवर म्हणाल्या होत्या, बरं झालं बाबा, तू मला ते सार्वजनिक फोल्डरमध्ये ठेवायला लावलंस. हो, त्यानेच लावलं होतं. कोणालाही उघडता येईल, कुठे जाणार नाही, असं म्हणाला होता. आणि आपण असं म्हणालो होतो, हे तोच विसरला.

सांगायला हवं होतं. त्याच क्षणी, फोन ठेवायच्या आत. पण एकदा “बघतो” म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी सांगणं जड गेलं आणि तिसऱ्या दिवशी त्याहून जड. बुधवारी त्याने दूरवरूनच बोरिव्काच्या मशीनवर शिरून पुसलेल्यातून काय हाती लागतंय ते खरवडून पाहिलं. नव्या अर्जांनी बहुतेक जागा व्यापून टाकली होती. एकसष्ट फायली मिळाल्या. आधी या पेनड्राइव्हवर उतरवून घेऊ, मग सांगू, असं त्याने ठरवलं. मग पेनड्राइव्ह हातात आला आणि तरी तो गुरुवारी गप्प राहिला, शुक्रवारीही. मूग गिळून बसायचं तर कारणं काय, पैशाला पासरी.

पुढच्या सोमवारी संचालक जॉसलिन कॉफीचा कप घेऊन त्याच्या दाराशी टेकली.

“बोरिव्काला नवीन माणूस शोधावा लागणार. पावलिना सोडतेय.”

“का?”

“डोकं चालत नाही म्हणते. ते सगळं काम स्वतःच्या हाताने पुसलं आणि पुसल्याचं आठवतही नाही. तिच्या आईचं असंच सुरू झालं होतं. शेवटी पोटच्या पोरींना ओळखत नव्हती.” जॉसलिनने मान हलवली. “मी म्हटलं, अगं, होतं असं कोणाचंही. तर रडायला लागली. पावलिना! तुला खरं वाटेल?”

गार्थने जाकीट उचललं.

“कुठे निघालास?”

“बोरिव्काला. तिने काही पुसलेलं नाही. मी पुसलं.”

जॉसलिन काहीतरी म्हणाली, ते ऐकायला तो थांबला नाही. ऐंशी किलोमीटर रस्ता, दोन्ही बाजूंना विरघळत चाललेला काळपट बर्फ. गाडीत तो वाक्यं जुळवत राहिला आणि एकही धड जुळेना.

पावलिनाबाई घरीच होत्या. त्याला पाहताच त्यांनी शेगडीवर तवा ठेवला. भरल्या पोटी आलेल्या माणसालाही त्या घरातून उपाशी जाता येत नसे.

“आधी ऐकून तर घ्या,” गार्थ म्हणाला.

“ऐकते की. कान मोकळे आहेत माझे.”

त्याने सांगितलं. अर्ज, तो चौकोन, हुबेहूब, सहाशे दहा. पावलिनाबाई तव्यावर कांदा परतत राहिल्या. मग हात थांबला.

“म्हणजे मी नाही पुसलं?”

“नाही.”

“पुन्हा सांग.”

“तुम्ही काहीही केलं नाही पावलिनाबाई. मी केलं. इथे बसून तुम्हाला ते करताच आलं नसतं.”

त्यांनी पदराअभावी बाहीनेच डोळे पुसले आणि हसायला लागल्या. “अरे देवा. मी इथे रोज सकाळी उठून आधी बहिणींची नावं म्हणून बघते. मग पंतप्रधानांची.” त्याने एकसष्ट फायलींचा पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला.

“कुठल्या आहेत या?”

“दक्षिणेकडच्या कबरस्तानाच्या.”

“ते तर अजून उभंय,” बाई म्हणाल्या. “जळलेल्या दोन्हींच्या गेल्या म्हणजे.”

“हो.”

“ते वाईट झालं. फार वाईट झालं.” त्यांनी पेरोगींची, बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्यांची, प्लेट त्याच्यापुढे सरकवली, वर कांदा घातला, बाजूला आंबट साय. “पण डोकं शाबूत आहे माझं. खा. कळल्या कळल्या धावत आलास. दुसरा असता तर म्हणाला असता, म्हातारी विसरते, चालू दे तसंच. खपूनही गेलं असतं.”

गार्थने एक पेरोगी तोंडात घातली.

“जरा आधी समजलं असतं तर, एवढंच,” बाई त्याच्याकडे पाठ करून म्हणाल्या. “गेल्या मंगळवारी जाऊन गाडीचं लायसन्स परत करून आले. म्हटलं, दाबलेलं बटण आठवत नाही, उद्या ब्रेक आठवला नाही तर कोणाचं तरी पोर उडवायचे. आता पुन्हा हवं तर डॉक्टरचं पत्र, डोळे, परीक्षा, सगळं पहिल्यापासून. या वयात कोण देतंय? असो. तुला तरी बिचाऱ्याला कुठे ठाऊक होतं.”

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. बाईंनी तर त्याच्या वतीने बोलूनही टाकलं होतं. गार्थने काटा खाली ठेवला.

“ठाऊक होतं,” तो म्हणाला. “सोमवारीच. तुमचा फोन चालू होता तेव्हा ती नोंद माझ्यासमोर उघडी होती.”

पावलिनाबाईंनी शेगडी बंद केली. तव्यावर झाकण ठेवलं. खुर्ची ओढून पहिल्यांदाच बसल्या. खिडकीबाहेर त्यांची गाडी उभी होती, काचेवरचा बर्फ कोणी खरवडलेला नव्हता. त्या तिच्याकडे बघत बसल्या आणि गार्थला त्यांच्याकडे बघता येईना.

“गुरुवारी मला गुडघ्यासाठी एल्डनच्या दवाखान्यात जावं लागतं,” त्या म्हणाल्या. “आठला निघते मी. शनिवारी वाणसामान. रविवारी चर्च, आणि तिथून बहिणीकडे.”

“मी येईन.”

“येशील का, असं मी विचारलेलं नाही,” पावलिनाबाई म्हणाल्या, आणि त्याच्यापुढची भरली प्लेट उचलून त्यांनी मोरीत नेऊन ठेवली.