कार्डावरचे घर

कार्डाचा खालचा कोपरा उचकटला होता... प्लास्टिकचा पापुद्रा वर आलेला, आणि त्याखाली 'घर' हा शब्द, चित्राविना, काळ्या ठळक अक्षरांत, निर्विकार. वीरभद्रप्पा गुरुजींनी ते कार्ड पोरीसमोर धरले होते आणि अंगठा त्या पापुद्र्यावर दाबून ठेवला होता. जणू एवढा कोपरा बसता राहिला तर बाकीचे सर्व काही बसते राहील.

"वाच, चंद्रव्वा."

तिसरीतल्या चंद्रव्वाने घ वर बोट ठेवले. मग र वर. ओठ आवाजाविना हलले, आणि एकाएकी तिचा चेहरा उजळला.

"मनी," ती स्पष्ट म्हणाली.

मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसले. तपासणीसाठी आलेल्या पर्यवेक्षिका ऋतुजा मॅडम दुष्ट नव्हत्या. त्यांनाही हसू आले, इतकेच. "अगं बाळा, तुझ्या मनी काय आहे ते नको. कार्डावर काय आहे ते सांग की."

सारा वर्ग खदखदला. चंद्रव्वाने मान खाली घातली, आणि पुढची कार्डे (पाणी, शाळा, भाकरी) तिने पाहिलीसुद्धा नाहीत. तोंडाला कुलूप लागले ते लागलेच.

आणि गुरुजींच्याही.

कारण कानडीत मनी म्हणजे घर, हे त्या खोलीत जाणणारा मोठा माणूस एकच होता, आणि तो कार्ड धरून उभा होता. पोरीने अक्षरे वाचली होती. वाचून, अर्थ उचलून, तो आपल्या आजीच्या भाषेत बोलून दाखवला होता. वाचन म्हणजे वस्तुतः दुसरे काय असते? 'मॅडम, हिने बरोबर वाचले.' एवढेच वाक्य. ते घशाशी आले आणि कोरड्या भाकरीच्या घासासारखे तेथेच बसले... खिडकीच्या गजांतून वारा येत नव्हता, डोक्यावरचा पंखा नुसता कुरकुरत होता.

बोलावे, तर पहिला प्रश्न येणार: पण गुरुजी, पोरांची माहिती भरताना घरची भाषा तर तुम्ही मराठीच लिहिली आहे! होय, लिहिली होती. मुख्याध्यापक रामहरी सर जूनमध्ये म्हणाले होते, "सगळ्यांची मराठी टाका बरं का. कानडी टाकली तर वरनं विचारतील, ही पोरं कानडी शाळेत का न्हाईत? मग पट घटला, की पहिली बदली तुमचीच." गुरुजींनी मान डोलावली होती. किंबहुना हात जरासुद्धा अडखळला नव्हता, कारण ती भाषा खोडण्याची सवय त्या हाताला फार जुनी होती... अध्यापक विद्यालयाच्या वसतिगृहात 'माझा बहीण आली' असे ते एकदा बोलून गेले, आणि दोन वर्षे पोरे त्यांना 'माझा बहीण' म्हणूनच हाक मारीत. तेव्हापासून प्रत्येक वाक्य ते मनात इस्त्री करून, घडी तपासून, मगच बाहेर काढीत. गावाकडून, मैंदर्गीहून, आईचा फोन आला तरी शिक्षकांच्या खोलीत ते तिला मराठीत उत्तर देत. ती बिचारी पलीकडे गप्प होई.

मधल्या सुट्टीत रामहरी सरांनी खांद्यावर हात ठेवला. "काय हो, तुमची ती एक पोरगी तेवढी आडवी आली की! मनी म्हणे, मनी! मांजर पाळलंय का घरात? टाका तिला न वाचणाऱ्यांत. उद्या सकाळी माहिती वर पाठवायची हाय."

"सर, तिने..."

"काय?"

"काही नाही, सर."

काही नाही. किती गुळगुळीत, किती शुद्ध मराठी!

शाळा सुटली तेव्हा फाटकाशी चंद्रव्वाचा बाप सोमेश उभा होता, मार्केट यार्डातला हमाल, खांद्यावर कांद्याची टरफले चिकटलेली. दिवाळीपासून तो एकच गोष्ट म्हणत होता, आणि आजही त्याने तीच काढली, परक्या भाषेत चाचपडत, अदबीने.

"गुर्जी, खरं सांगा. हिला वाचाया येतंय का न्हाय? न्हाय म्हटलं तर उद्याच गावाकडं सोडतो आईपाशी. शेरडं तर राखंल."

चंद्रव्वा बापाच्या मागे उभी होती. ती गुरुजींकडे पाहत होती, पण आशेने नव्हे. भिंतीकडे पाहावे तसे.

मी भिंतच आहे, गुरुजींना वाटले. मी भिंत आहे, आणि या भिंतीआड मीच कोंडलेला आहे. सदऱ्याच्या खिशात ते कार्ड होते. वर्गातून निघताना ते कधी खिशात गेले, त्यांना आठवेना. अंगठा अजूनही त्या कोपऱ्यावर दाबलेला.

उत्तर येईना तसे सोमेशने सुस्कारा टाकला. शहाण्या माणसाचे मौन म्हणजे नकारच, हे हमालालाही कळते. त्याने पोरीचे दप्तर खांद्याला अडकवले.

"नडी," तो तिला हलकेच म्हणाला, "मनीगे होगूण."

चल, घरी जाऊ.

...मैंदर्गीतली तिन्हीसांज, चुलीचा धूर, धुळीत लोळणारी पोरे, आणि उंबऱ्यावरून घरी बोलावणारी आईची हाक: वीरू, मनीगे बा! त्या हाकेला कधी इस्त्री लागली नव्हती. येथे सोलापुरात त्यांनी दोन खोल्या बांधल्या होत्या, दारावर मराठीत पाटी लावली होती. परंतु त्या शब्दाने त्यांना तेथे कोणी कधी बोलावले नव्हते. कार्डावर घर होते. मनी कोठे होती?

बाप-लेक फाटकाबाहेर पडत होती. मागे व्हरांड्यात रामहरी सरांची चप्पल वाजत जवळ येत होती.

गुरुजींनी खिशातला अंगठा उचलला. पापुद्रा सुटला, ते त्यांच्या बोटाला कळले. घशातला घास हलला, काहीतरी वर येऊ लागले. ते कोणत्या भाषेत येते आहे, त्याची घडी नीट आहे की नाही, हे त्यांनी तपासले नव्हते... आणि न तपासता तोंड उघडण्याची, त्या वसतिगृहानंतर, ही त्यांची पहिलीच वेळ होती.